रुद्राप्पाचं पत्रक

शनिवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून शलाका मोकाशी आतल्या खोलीत आली, पंखा लावला आणि सवयीने तिन्ही पत्रकं उघडली. पहिली दोन ठीक होती. तिसऱ्यावर, म्हणजे रुद्राप्पा वैद्याच्या पत्रकावर, वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी आली होती. नव्या आवृत्तीची जाहिरात असेल असं समजून तिने ती वाचली.

'गेल्या अठ्ठावीस आठवड्यांत या खेळाडूच्या शब्दयोजनेत सातत्याने उतार दिसतो. हे वैद्यकीय निदान नाही. योग्य वाटल्यास खेळाडूशी बोलावे.'

तिने पुन्हा वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईला दोष काचेत नाही हे कळायला हवं होतं, पण माणूस आधी काचेवरच संशय घेतो. रुद्राप्पा खेळायचा मंदार कट्टी, तिचा शाळेपासूनचा मित्र. मंदार सोलापुरात भूलतज्ज्ञ होता. रोज चार-पाच माणसं त्याच्या भरवशावर डोळे मिटत होती.

हा खेळ सांगायला सोपा आणि संपवायला अवघड. एकजण गोष्ट रचतो, तो सूत्रधार. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करील ते ठरवतात. जमलं की फसलं ते फासे सांगतात. पात्राचं बळ, अक्कल, जखमा, पिशवीतल्या पुड्या असं सगळं त्याच्या पत्रकावर लिहिलेलं असतं. टाळेबंदीच्या वर्षी शलाका, मंदार, जुनैद आणि तृप्ती या सांगलीच्या चौघांनी विशीत हा उद्योग ऑनलाइन सुरू केला, तेव्हा पत्रकं वहीच्या पानांवर होती, खोडून खोडून भोकं पडलेली. व्हिडिओ लावला की जुनैदचं तोंड उघडलेलं तसंच अडकून राहायचं, म्हणून चौघंही बोलण्याऐवजी टाइप करत. पुढे नेटवर्क सुधारलं, जुनैद मस्कतला गेला, तृप्ती लग्न करून नागपूरला गेली, पण टाइप करायची खोड काही सुटली नाही. शलाकाने सूत्रधार म्हणून घालून दिलेला एक नियमही टिकला: लागोपाठ तीन शनिवार दांडी मारली की पात्र मेलं. तृप्तीचं एक पात्र तिच्या बाळंतपणात असं गेलं होतं आणि ते ती शलाकाला अजून ऐकवायची.

पत्रकं मात्र बदलली. अकरा वर्षांपूर्वी ती 'बखर' नावाच्या प्रणालीवर गेली आणि हळूहळू शहाणी झाली. प्रत्येक चालीत खेळाडूपुढे एक फाटा असतो: लढायचं की पळायचं, समोरच्यावर विश्वास ठेवायचा की नाही. कोणी कोणता फाटा धरला, किती वेळ घेतला, कोणत्या शब्दांत लिहिलं, हे बखर लक्षात ठेवायची. असे काही हजार फाटे साठले की पुढचा तिला आधीच कळे. कुणाचं नेट मध्येच गेलं तर पत्रक त्याच्या वतीने चाल करायचं, आणि दहातल्या नऊ वेळा ती चाल त्या माणसाचीच वाटायची.

या वर्षी त्यात भर पडली ती भाषेची. मेंदूचा शब्द सांभाळणारा भाग झिजायला लागला की आधी वस्तूंची नावं जातात. घरच्यांना ते फार उशिरा कळतं, कारण बोलताना माणूस हातवारे करून, 'ते हे रे' म्हणून वेळ मारून नेतो. पण लिहिताना हात हलवून चालत नाही. आणि तीच माणसं, तोच वार, तोच खेळ, वर्षानुवर्षं. एखाद्या माणसाच्या भाषेची इतकी सलग नोंद दवाखान्यातही मिळत नाही. ती नोंद आता बखरकडे होती, आणि तिथलं खातं सूत्रधाराच्या नावावर असल्यामुळे पिवळी पट्टी फक्त शलाकाला दिसत होती.

तिने जुन्या चाली काढून पाहिल्या. मार्चमध्ये रुद्राप्पाने लिहिलं होतं, 'दाराला लावायचं ते लोखंडी काढतो.' कुलूप. मे महिन्यात, 'औषध कुटायचं ते भांडं द्या.' अकरा वर्षं वैद्य असलेल्या पात्राला खल आठवू नये? तेव्हा चौघं हसले होते. रुद्राप्पा तिरसटच होता, धड बोलायचा कंटाळा करतो म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

त्या दिवशीचा खेळ तिने कसाबसा ओढला. पुढचे चार दिवस तिचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या काचेचा अक्ष तिने नव्वदऐवजी एकशे ऐंशीवर बसवला. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "ताई, घरातला जिना तिरका दिसायला लागलाय ओ." तिने माफी मागितली, काच बदलून दिली आणि आत जाऊन पुन्हा तीच पट्टी उघडली.

तिला सगळ्यात लागलं होतं ते वेगळंच. गेल्या सहा-सात महिन्यांत मंदार कधी नव्हे इतका जवळचा झाला होता. गोष्टीत साथीच्या रोगात रुद्राप्पाची बहीण गेली आणि तेव्हापासून तो मऊ पडला, दुसऱ्याचं ऐकायला लागला. बखरने विचारलं होतं, 'पात्राचा स्वभाव बदलला आहे का?' मंदारने काय अभिनय केलाय म्हणत शलाकाने खुशीत 'होय, मान्य' वर खूण केली होती. खेळ संपल्यावरही तो पंधरा-वीस मिनिटं रेंगाळायचा. तिने त्याला आपल्या घटस्फोटानंतरची वर्षं सांगितली होती. त्याची बायको ईशानी हिने एकदा चारचौघांत या खेळाला 'चाळिशीतला पोरखेळ' म्हटलं होतं, तो जुना सलही बोलून दाखवला होता. 'चुकलीच ती,' त्याने लिहिलं होतं. 'तेव्हा तिला यातलं काही कळत नव्हतं.' खेळाच्या चोवीस वर्षांत मंदार कधी असं बोलला नव्हता. आता तिला वाटायला लागलं की तो मऊपणासुद्धा आजाराचाच असेल, आणि या विचाराने ती हैराण झाली.

शेवटी तिने जुनैदला फोन लावला.

"चुकीचं निघालं तर तो आपल्याला शिव्या घालंल," जुनैद सगळं ऐकून म्हणाला. "घालू दे की. पण खरं असलं आणि टेबलावर कुणाचं बरंवाईट झालं, मग? तू सांग त्याला."

"आणि त्याचं काम सुटलं तर?"

"ते त्याचं त्याला ठरवू दे. फोनवर नको मात्र. समोर बसून सांग."

गुरुवारी दुकान बंद ठेवून ती सोलापूरच्या बसमध्ये बसली. वाटेत तिने चार वेळा वाक्य जुळवलं आणि चारही वेळा मोडलं. लोकांना नंबर वाढलाय हे सांगण्यात तिचा जन्म गेला होता, पण नंबर वाढला तर जाड काच देता येते.

मंदार रुग्णालयाच्या कँटीनमध्ये हिरव्या कपड्यांतच आला. "शलाके, सांगलीहून सोलापूरला माझा चष्मा तपासायला आलीस व्हय?" म्हणत त्याने दोन चहा सांगितले. तिने पत्रक उघडून फोन त्याच्यासमोर ठेवला. त्याने पट्टी वाचली, खालचा आलेख पाहिला, आणि आधी त्याचे खांदे हलले. मग तो मोठ्याने हसायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या नर्सेस वळून बघायला लागल्या.

"अगं बाई, तो मी नव्हेच," तो डोळे पुसत म्हणाला. "फेब्रुवारीपासून माझी शनिवारची ड्यूटी लागलीय. दोन दांड्या झाल्या होत्या. तिसरी झाली असती तर तू मारला असतास रुद्राप्पाला, तुला काय मी ओळखत नाही? मग म्हटलं, कुणाला तरी बसवूया माझ्या जागी. तुम्हाला लिहिलेलंच तर दिसतं."

शलाकाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तीही हसली. तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, इतके दिवस फसवल्याबद्दल. बदललेला स्वभाव तिने स्वतःच मान्य केला होता; बखरने त्या दिवसापासून नव्या माणसाला मोजायला घेतलं होतं आणि नाव जुन्याचंच ठेवलं होतं. एवढाच घोळ.

मंदार हसत हसत चाली वाचत खाली जात होता. कुलपाशी तो हसला. खलाच्या ओळीवर आला तेव्हा हसू राहिलं, पण डोळे थांबले. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं.

"मंदार," शलाकाने विचारलं, "कुणाला बसवलं होतंस?"

"ईशानीला," तो म्हणाला.

चहा आला आणि तसाच राहिला. चार वाजता त्याची एक शस्त्रक्रिया होती. त्याने सहकाऱ्याला फोन करून ती त्याच्याकडे दिली, आणि कपडे न बदलताच तो उठला. शलाकाला त्याची दया आली आणि मघाशी हसल्याची लाज वाटली.

"मी येऊ का घरी?" तिने विचारलं.

"ये," तो म्हणाला. "मला एकट्याला जमणार नाही."

ईशानी सोलापुरातली नावाजलेली निवेदिका. गाण्याची मैफल असो की कुणाचा सत्कार, सूत्रसंचालन तिचं. जिभेला धार अशी की शलाका तिच्याशी दोन वाक्यांपुढे कधी गेली नव्हती. दार उघडून तिने दोघांना एकत्र पाहिलं, आणि मंदारच्या अंगातले हिरवे कपडे पाहिले.

"कळलं वाटतं," ती म्हणाली. "या आत."

मंदारने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"निवेदन का सोडलं मी? घसा बसतो म्हणून सांगितलं होतं तुला. घसा ठणठणीत आहे." ती समोर बसली. "डिसेंबरात तो कार्यक्रम होता ना. साथीदारांची ओळख करून द्यायची होती. नाव आठवलं त्या मुलाचं, गाव आठवलं, गुरू आठवले. तो काय वाजवतो ते आठवेना. तबला. समोर ठेवलेला होता, मी बघत होते त्याच्याकडे. लोकांना वाटलं मुद्दाम थांबलेय. टाळ्या वाजवल्या."

"मला सांगायचं नाही?" मंदारचा आवाज चढला. "मी डॉक्टर आहे, ईशानी."

"म्हणूनच. त्याच दिवशी मशीनखाली घातलं असतंस मला. मला थोडे दिवस हवे होते." मग ती शलाकाकडे वळली. "तुमच्याकडे बरं होतं. तिथं मी रुद्राप्पा होते. चार शब्द कमी पडले तरी म्हातारा तिरसट आहे म्हणून लोक हसायचे. आठवड्यात तेवढे तीन तास मी स्वतःवर पाळत ठेवत नव्हते."

शलाकाला गेल्या सात महिन्यांतल्या गप्पा आठवल्या. घटस्फोट, एकटेपण, आणि हिच्याच नावाने केलेली तक्रार, सगळं तिने हिच्याच पदरात टाकलं होतं. "तो पोरखेळाचा विषय," ती कशीबशी म्हणाली, "मी बोलायला नको होतं."

"उलट बरं झालं बोललात. एरवी कुठं मिळाली असती मला माफी मागायची संधी?" ईशानी हसली, आणि त्या हसण्यात शलाकाला तिचा गेल्या सात महिन्यांचा मित्र दिसला. तो आजार नव्हता, अभिनय नव्हता. तो हा माणूस होता. तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि रडू आलं.

तपासण्या झाल्या, आणि बखरने म्हटलं तेच खरं निघालं. शब्दांचा साठा झिजत होता. औषधं वेग कमी करणार होती, गेलेलं परत आणणार नव्हती. ईशानीने डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर शलाकाला स्वतःच्या फोनवरून फोन केला.

"मला माझं पत्रक काढून दे," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळालं ते दोघींनाही कळलं नव्हतं. "माझ्या नावाचं. रुद्राप्पा ज्याचा त्याला परत."

"देते."

"आणि एक. चुकले तर चूक म्हणायचं. माझ्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालायचे नाहीत. वीस वर्षं मी लोकांनी लिहून दिलेलं वाचलं शलाका, छान वाचलं. तुझ्या खेळात पहिल्यांदा माझ्या मनाचं बोलले. ते कमी झालं तरी माझंच असू दे."

असं गौराक्का हे पात्र जन्माला आलं. जकातनाक्यावर आयुष्य काढलेली, कुणाला न भिणारी बाई. मंदारने शनिवारची ड्यूटी बदलून घेतली आणि तो रुद्राप्पा होऊन परत आला. दोन महिने खेळ चालला. काही शनिवार चांगले गेले, काही नाही. पिवळी पट्टी आता गौराक्काच्या पत्रकावर होती.

मग एका शुक्रवारी मंदारचा फोन आला. सांगलीतल्या दुकानात गर्दी होती, म्हणून शलाका बाहेर पायरीवर येऊन बोलली.

"बखरमध्ये आधार नावाची सोय आहे," तो म्हणाला. "मी वाचलंय. नऊ महिन्यांचं तिचं लिहिणं त्यांच्याकडे आहे. ती अडकली की पत्रक तिच्यासारखं लिहून पुढे पाठवतं. तिला कळतसुद्धा नाही. तू फक्त खूण कर."

"तिने काय सांगितलंय माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. मागच्या शनिवारी खेळ संपल्यावर ती तासभर खिडकीशी उभी होती. तुला नाही दिसत ते." तो थांबला. "सगळ्यांना ती पहिल्यासारखी दिसेल. मलापण दिसू दे की जरा."

शलाका "बघते" म्हणाली. रात्रंदिवस त्याला ते बघावं लागत होतं, तिला आठवड्यातून तीन तास. नाही म्हणायचा तिला काय अधिकार? संध्याकाळपर्यंत ती 'आधार'च्या चौकोनावर बोट नेत होती आणि मागे घेत होती. खूण तिने केली नाही, पण करणार नाही असंही स्वतःशी ठरवलं नाही.

शनिवार उजाडला. गोष्टीत चौघं नदीकाठी आले होते. मागे घोडेस्वार, पुढे दुथडी भरलेलं पाणी, काठाला बांधलेली एक नाव. शलाकाने एवढं लिहिलं आणि चाल गौराक्काकडे दिली.

दोन मिनिटं गेली. चार गेली. तृप्तीने तिकडून 'आहोत आम्ही, सावकाश' असं लिहिलं. आधाराची खूण नव्हती, म्हणून सातव्या मिनिटाला बखरने फक्त शलाकाला दिसेल अशी एक चौकट उघडली.

'पत्रकाकडे चाल तयार आहे: "पळायचं कशाला? बोरूच्या बनात दडू. स्वार पाण्याकडे बघत बसतील, त्यांच्या पाठीमागनं आपण नाक्यावर पोचलेलो असू." पाठवू?'

चाल फार चांगली होती. हुबेहूब ईशानी, फेब्रुवारीतली. ती धार, तो मिश्किलपणा. शलाकाने ती दोनदा वाचली. एक बोट लावलं की आजचा दिवस सगळ्यांना सोपा जाणार होता. टेबलावर तिचा फोन वाजायला लागला. मंदार. घरी तो दुसऱ्या खोलीत रुद्राप्पा घेऊन बसला होता आणि त्याला पुढचं सहन होत नव्हतं. तिने फोन उचलला नाही. चौकटीतल्या 'नको' वर बोट ठेवलं.

नवव्या मिनिटाला गौराक्काची चाल आली.

'नावाड्याला हाक मारते. दादा, नाव सोडा.'

नावाडी गेल्या शनिवारी बाण लागून मेला होता. त्याला वाळूत पुरताना गौराक्काच पुढे होती. शलाकाला वाटलं, काय बिघडतं? गोष्ट माझी आहे. दुसरा नावाडी आणते, त्याचा भाऊ म्हणून सांगते, कोण मला जाब विचारतोय? तिने 'झाडीतून एक' एवढं लिहिलंही. मग ते खोडलं, आणि तिला इतकं जड गेलं की एकेक अक्षर शोधत टाइप करावं लागलं.

'नावाडी नाही, गौराक्का. मागच्या वेळी तो गेला. तूच त्याला काठावर पुरलंस.'

पडदा कोरा राहिला. फोन वाजायचा थांबला. नागपूर, मस्कत, सोलापूर, सांगली, चारही ठिकाणी माणसं एका रिकाम्या ओळीकडे बघत बसली. हे मी काय केलं, असं शलाकाच्या मनात आलं आणि ते पुढची तीन मिनिटं हललं नाही.

मग अक्षरं उमटायला लागली, एकेक करून.

'मग ते लाकूड दे माझ्याकडे. पाणी मागं ढकलायचं. मी नेते सगळ्यांना.'

बखरच्या अंदाजात ही चाल कुठेच नव्हती. शलाकाने डोळे पुसले आणि लिहिलं, 'गौराक्काने वल्हं हातात घेतलं. प्रवाह जोराचा आहे. टाक फासे.'